बाहेरची खोली, आतली खोली

माझी बहीण करुणा मंगळवारी सकाळी गेली. चहा गॅसवर होता. ती पियानोजवळ खुर्चीत बसली होती. मी हाक मारली, तिने ओ दिली नाही. डॉक्टर आले आणि म्हणाले, हृदय थांबलं. दुपारी क्लास होता. मी दारावर कागद लावला. बुधवारी तिला चर्चमध्ये नेलं आणि तिथून दफनभूमीत. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी वाजवला. शनिवारी आतल्या खोलीचं दार उघडलं नाही.

एवढं लिहून मी बरेच दिवस थांबले होते. संपादकांनी मागितलं होतं ते वेगळं: नाशिकसारख्या गावात पियानो शिकवण्यात आयुष्य गेलं, त्याच्या गमतीजमती लिहा, लोकांना या धंद्यातलं काही माहीत नसतं. गमतीजमती आहेत. पण त्या सांगायच्या तर आधी घराच्या दोन खोल्या सांगाव्या लागतात आणि खोल्या सांगायच्या तर करुणा सांगावी लागते.

आमचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. देवळालीला एक पारशी कुटुंब बंगला रिकामा करून निघालं होतं. त्यांचा उभा जर्मन पियानो वडिलांनी घेतला आणि शरणपूर रोडच्या आमच्या घरी आतल्या खोलीत ठेवला, कारण बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल होती. पियानो म्हणजे लाकूड, लोकर आणि तारा. ओल त्याला सोसत नाही. तो तेव्हा आत गेला तो आजवर तिथून हललेला नाही.

आम्हाला शिकवायला देवळालीच्या फ्रेनी आंटी होत्या. दर रविवारी दुपारी वडील आम्हा दोघींना बसने त्यांच्याकडे नेत. एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायच्या रचना असतात. उजवीकडचा माणूस वरचे सूर वाजवतो, म्हणजे बहुतेक गाणं त्याच्याकडे असतं. डावीकडच्याकडे खालचे सूर, ठेका, आणि पायाखालचं पेडल. पहिल्याच दिवशी फ्रेनी आंटींनी वाटणी करून टाकली.

“विमल, तू डावीकडे बस. तुझा पाय लांब हाय. करुणाचा पाय तो खाली पोचतेच नाय.”

पुढे करुणाचे पाय पोचले. माझ्यापेक्षा उंच झाली ती. पण पेडल माझ्याकडेच राहिलं आणि गाणं तिच्याकडे. कोणी ठरवलं नाही आणि कोणी बदललंही नाही.

क्लास सुरू केला तेव्हा हीच वाटणी आमच्याबरोबर आली. बाहेरच्या खोलीत विजेवर चालणारा पियानो घेतला, त्याला ओलीचं भय नाही. तिथे मी शिकवायची. बोटांना अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक ते पाच आकडे असतात. कुठल्या सुरावर कुठलं बोट, हे मी मुलांच्या कागदांवर पेन्सिलीने लिहून द्यायची. आधी डावा हात एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही, सगळं सावकाश, मोजत. एखादी रचना अशी न चुकता यायला लागली की मी म्हणायची, “शनिवारपासून आत.” आत खरा पियानो होता आणि करुणा होती. मुलं मला मोठ्या मिस म्हणत आणि तिला धाकट्या मिस. ‘आत जाणं’ ही आमच्या क्लासातली बढती होती. एक मुलगी पहिल्यांदा आत जायच्या दिवशी नवा फ्रॉक घालून आली होती.

आत करुणा काय करते ते मी कधी पाहिलं नाही. एक शिकवत असताना दुसरीने खोलीत यायचं नाही, हा आमचा नियम होता. दार लोटलेलं असे. मी बाहेर वह्या तपासत, पुस्तक वाचत बसे आणि ऐके. माझ्याकडे महिनोन् महिने पाठ केलेली तीच रचना तिच्याकडे चारपाच शनिवारांत माणसासारखी बोलायला लागायची. लोक म्हणत, मोठ्या मिस बोटं शिकवतात आणि धाकट्या मिस जीव ओततात. मलाही तसंच वाटे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. कणीक मळणारी वेगळी आणि पोळी लाटणारी वेगळी, तसं आमचं चाललं होतं.

करुणाची एक सवय मात्र साऱ्या क्लासला ठाऊक होती. ती डाव्या हाताला ‘ताई’ म्हणायची. “ताईला सोडून पळू नकोस.” “ताई बघ कशी चाललीय, तू तिच्याभोवती फीर.” मुलं आतून बाहेर येऊन मला सांगत, “मोठ्या मिस, आज माझी ताई दोनदा चुकली.” मी गंभीर चेहऱ्याने म्हणे, “तिला घरी दहा वेळा एकटीला वाजवायला लाव.”

आता आम्ही शिकवत होतो त्या संगीताबद्दल थोडं. युरोपात दीडदोनशे वर्षांपूर्वी पियानोसाठी जे लिहिलं गेलं, त्याला रोमँटिक म्हणतात. सिनेमातल्या रोमान्सशी त्याचा फारसा संबंध नाही. एकट्या माणसाच्या मनात जे काही चालतं ते त्यात येतं: आठवण, भीती, हट्ट, घरची ओढ. नॉक्टर्न नावाचा त्यातला एक प्रकार आहे. डावा हात एकसारखा झुलत राहतो आणि उजवा त्याच्यावर गातो. कानाला सोपं वाटतं. अडचण अशी की पियानोला गाता येत नाही. गळ्यातला किंवा व्हायोलिनचा सूर लावल्यावर वाढवता येतो. पियानोच्या तारेवर हातोडी पडली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. बोटाने मग काहीही केलं तरी तो मोठा होत नाही. म्हणजे विझणाऱ्या सुरांची अशी ओळ लावायची की ऐकणाऱ्याला कोणीतरी गातंय असं वाटावं. हे काम मोजूनमापून करायचं आहे आणि मोजमाप कुठे दिसू द्यायचं नाही. नुसतं बरोबर वाजवलं तर टंकलेखन होतं. नुसतं भरून येऊन वाजवलं तर चिखल होतो.

हा चिखल बहुधा पेडलमधून येतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या राहतात आणि वाजवलेला सूर मागे रेंगाळतो. पुढचा सूरसमूह आला की पाय उचलून पुन्हा दाबायचा, नाहीतर मागचं आणि पुढचं एकमेकांत मिसळतं. मन भरून आलं की माणसाचा पाय जड होतो. हे मी शेकडो पायांवर पाहिलं आहे.

पेडलवरूनच आमची एकदा चांगली फजिती झाली. आमचा एक हुशार मुलगा, आनंद, मुंबईला परीक्षेला गेला. घरी आणि क्लासमध्ये तो ती रचना डोळे मिटून वाजवायचा. परीक्षेत सगळं एकात एक मिसळून गेलं. परीक्षकांनी शेरा दिला की विद्यार्थ्याला पेडलची जाण नाही. करुणा दोन दिवस जेवली नाही नीट. शनिवारी तिने आनंदला बाहेरच्या खोलीत आम्हा दोघींसमोर बसवलं.

“तिथे काय केलंस वेगळं?”

“काहीच नाही मिस. फक्त बूट होते.”

“कसले बूट?”

“आईने नवे घेतले परीक्षेला. काळे.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्याकडे येणारं प्रत्येक मूल चपला दाराबाहेर काढून आत येत होतं. सगळे अनवाणी शिकले होते, आम्हीही. पितळेचं थंड पेडल तळव्याला कळतं, किती दाबलं, कुठे सुटलं. जाड तळाच्या बुटातून काहीच कळत नाही. ज्या देशात हे संगीत झालं तिथे ही अडचण कोणाला सुचलीही नसेल.

त्यानंतर करुणाने फर्मान काढलं की आत येणाऱ्याने बूट आणायचे, रस्त्यावर न घातलेले, पिशवीत घालून, आणि ते फक्त पियानोसमोर घालायचे. शेजारच्या काकूंना ते बघवेना. “चपला दारात काढायच्या आणि घरात येऊन बूट घालायचे? उलटंच काहीतरी तुमच्या पियानोचं.” करुणा म्हणाली, “काकू, तुमची नात आत आली की तिलाही घालायला लावणार आहे.”

आता आप्पांकडे येते. नामदेव आप्पा देवळा तालुक्यातले कांद्याचे व्यापारी. त्यांची मुलगी पल्लवी नाशिकला मावशीकडे राहून शिकत होती आणि आमच्याकडे यायची. शांत मुलगी. एक सोपंसं नॉक्टर्न ती माझ्याकडे करत होती. दोन्ही हात जमले, मी म्हटलं, शनिवारपासून आत. त्याच आठवड्यात आप्पा दारात उभे.

“मॅडम, क्लास थांबवायचा हाय. पोरगी दहावीला गेली.”

“आठवड्यातून एक तास येऊ द्या. आता कुठे रोमँटिक रचना सुरू होतायत तिच्या.”

ते जरा दचकले. पल्लवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “दहावीला हे नको मॅडम. ते रोमँटिक-बिमँटिक नंतर बघू.”

आत करुणाला हसू आवरेना, ते मला दाराआडून ऐकू येत होतं. पण पल्लवी हसली नाही. दहावीनंतर बारावी आली, मग इंजिनीअरिंग, मग पुण्याची नोकरी, मग लग्न. ते ‘नंतर’ आलं नाही. पल्लवी आत गेलीच नाही.

बऱ्याच वर्षांनी आप्पा पुन्हा दारात उभे राहिले, या वेळी एकटे. डोक्यावर टोपी, हातात कांद्यांच्या दोन जाळ्या.

“पल्लवीचा कीबोर्ड घरी पडून हाय,” ते म्हणाले. “शिकवाल का?”

“कोणाला?”

“मलाच.”

मी म्हटलं, या वयात बोटं वळायला वेळ लागतो. ते म्हणाले, वेळ हाय. काय शिकायचंय विचारलं, तर म्हणाले, पोरगी जे अर्धं सोडून गेली तेवढंच एक. दुसरं काही नको.

आप्पा बाहेरच्या खोलीत काही वर्षं बसले. कुठल्याही विद्यार्थ्याने इतका वेळ घेतला नाही आणि इतका कमी कंटाळा केला नाही. कीबोर्ड त्यांनी खळ्यावरच्या ऑफिसात नेऊन ठेवला. खळं म्हणजे जिथे कांदा पसरून निवडतात ते. काम करणाऱ्या बायका त्यांची नक्कल करायच्या, ते स्वतःच येऊन सांगायचे. “काल एक म्हणते, शेठ तिसऱ्या ओळीत अडकलेत, ट्रक काय आज भरत नाय.” मधेच बायकोचा फोन यायचा. “हां व, क्लासमा शे,” म्हणजे क्लासात आहे, असं त्यांच्या अहिराणीत दबक्या आवाजात सांगून ते फोन ठेवायचे आणि मला म्हणायचे, “ती विचारते, पास झाले का.”

आणि एका गुरुवारी दोन्ही हात न चुकता जमले. शेवटपर्यंत. मी म्हटलं, “आप्पा, शनिवारपासून आत.” ते उठून उभेच राहिले. त्यांनी विचारलं, बूट कसले घ्यायचे?

त्यांनी बूट घेतले. तो शनिवार यायच्या आधीचा मंगळवार मी सुरुवातीला सांगितला.

दफनाच्या दिवशी मी सगळी स्तोत्रं वाजवली. एकही सूर चुकला नाही. कोणीतरी मागे म्हणालं की विमलताई खंबीर आहेत, आणि दुसरं कोणीतरी म्हणालं की दगड आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असेल. हातांना जे येत होतं ते हातांनी केलं. लोक गात होते, काही रडत होते. कोणीतरी ठेका धरायला हवा होता.

घरी आल्यावर आठवडे गेले. मुलांच्या पालकांना मी दुसऱ्या शिक्षकांची नावं दिली. बाहेरच्या खोलीतलं मला येत होतं, पण आत न्यायचं कोणाकडे? टंकलेखन शिकवून मुलांना परत पाठवणं मला पटेना. पियानोला सूर लावायला मुंबईहून येणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, पुण्यात एक घर आहे, पियानो जपतील. मी म्हटलं, दिवाळीनंतर सांगते. पियानो द्यायचा आणि क्लास बंद करायचा हे मनात जवळजवळ ठरलं होतं.

आप्पा मात्र शनिवारी आले. हातात बुटांची पिशवी.

“आप्पा, क्लास बंद आहे.”

“माहीत हाय. कागद वाचला.”

“मग?”

“मी आत गेलोच नाय अजून.”

“आत आता कोणी नाही.”

बाहेरच्या पियानोवर आवाज बारीक करून त्यांनी त्यांचं नॉक्टर्न एकदा वाजवलं, पिशवी उचलली आणि गेले. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग एकदा जाताना म्हणाले, “पल्लवी दिवाळीला येतीय. तिला माहीत नाय.”

“काय माहीत नाही?”

“मी शिकतोय ते. तिच्या आईला बजावलंय, बोलायचं नाय.”

“आणि त्या गप्प राहिल्या?”

“ते तीच जाणे.” मग पिशवीकडे बघत म्हणाले, “मीच तिला थांबवलं होतं मॅडम. तुम्हाला आठवत नसंल.”

मला आठवत होतं. मी किल्ली आणली आणि आतलं दार उघडलं.

खोली बंद राहिल्याने वास कोंदट झाला होता. मी खिडकी उघडली. करुणाची वेताची खुर्ची पियानोच्या उजव्या अंगाला होती. मी डावीकडे स्टूल ओढून घेतलं. आप्पांनी बूट चढवले, नाड्या बांधायला बराच वेळ लावला, आणि वाजवलं. सगळं बरोबर. एकही सूर इकडचा तिकडे नाही. आणि काहीच नाही.

त्यांनाच कळलं. “असं नाय ना वाजत ते?”

“नाही.”

“मंग ह्याच्या पुढं काय?”

त्याचं उत्तर वेताच्या खुर्चीत बसायचं.

“थांबा,” आप्पा म्हणाले, “मनात आणून वाजवतो.” त्यांनी डोळे मिटले. काय मनात आणलं ते दिसतच होतं. पहिल्याच ओळीत गती निम्मी झाली. प्रत्येक सुरावर ते थांबायला लागले, डावा हातही थांबायला लागला, पाय पेडलवर रुतून बसला आणि सगळे सूर एकमेकांत कालवले गेले. अर्ध्यावर त्यांनी हात काढून घेतले आणि टोपीने डोळे पुसले.

“हे तर लयच वाईट झालं.”

“हो,” मी म्हटलं. आणि आम्ही दोघंही हसलो. त्या खोलीत करुणा गेल्यापासून कोणी हसलं नव्हतं.

मग मी आठवायला लागले की दाराबाहेर बसून इतकी वर्षं मी आतून काय ऐकलं. मला वाटलं होतं, ती मनाविषयी काहीतरी सांगत असणार. पण कान देऊन आठवलं तर तसलं एकही वाक्य सापडेना. ‘मनापासून वाजव’ असं ती कधी म्हणाली नव्हती. “मनगट सैल सोड.” “हा सूर सोडताना श्वास घे.” “करंगळी जरा जास्त, बाकीची चार जरा कमी.” “इथे पाय लवकर उचल.” सगळं हातापायांचं. आणि पुन्हा पुन्हा ती ताई. आणखी एक आठवलं. कधीकधी ती मुलाला मधेच बाहेर पाठवायची: “मोठ्या मिसना विचार, इथे चौथं बोट का दिलंय.” मी सांगायची की चौथं बोट दुबळं असतं, तो सूर आपोआप हळवा पडतो. मूल परत आत जायचं. म्हणजे आमची वाटणी आम्हाला वाटत होती तितकी स्वच्छ नव्हती.

“आप्पा, गावात भजनाला जाता ना?”

“जातो की. टाळ असतो माझ्याकडं.”

“गाणारा रंगात आला, एखाद्या जागी रेंगाळला, त्याला रडू आलं. तुम्ही काय करता?”

“काय करणार. टाळ चालूच ठेवायचा.”

“तुम्हीही रडायला लागलात तर?”

त्यांनी विचार केला. “मंग तो परत कुठं येईल?”

“मगाशी तुमचा टाळकरी रडत होता.”

आप्पांनी आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो उशिरा आलेला गडी होता.

मी म्हटलं, “उजवीकडे सरका. तुम्ही फक्त गाणं वाजवा. डावा हात आणि पेडल माझ्याकडे. तुम्हाला हवं तिथे रेंगाळा. मी थांबणार नाही.”

मी सपाता काढल्या आणि पाय पेडलवर ठेवला. माझी ती जागा होती. मी डाव्या हाताचा झोका सुरू केला, आप्पा गाणं घेऊन आत आले. आधी ते माझ्या मागे मागे, भीत भीत चालले. दुसऱ्यांदा एका सुरावर रेंगाळले, मी पुढे गेले, ते घाईने दोन सूर गिळून मला गाठायला आले आणि गालात हसले. तिसऱ्यांदा न घाबरता रेंगाळले आणि न पळता परत आले. त्यांच्या जाड बोटांतून पहिल्यांदा कोणीतरी गातंय असं वाटलं. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या बोटांतून नव्हे, नुसतं कोणीतरी.

मग ती जागा आली, जिथे गाणं वर चढतं आणि एकच सूर लांब राहतो. त्या सुरावर मीच कधीतरी चौथं बोट लिहून दिलं होतं. हे नॉक्टर्न आम्ही दोघीही कधीकधी असंच वाटून वाजवायचो, आणि तिथे करुणा कायम जरा जास्त थांबायची. तिचं ते थांबणं माझ्या हाताला पाठ होतं. ती थांबायची, मी चालत राहायची, मग ती यायची. आप्पा थांबले. बरोबर तेवढेच थांबले, कुठून आलं त्यांच्यात ते मला माहीत नाही. आणि माझा डावा हात थांबला.

तो चुकला नाही. थांबला. उचलताच येईना.

पेडल दाबलेलं होतं, त्यामुळे वरचा सूर खोलीत तसाच होता, बारीक होत चाललेला. आप्पांनी बोट उचललं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, समोर कागदाकडे बघत राहिले. सूर पार विझला. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे आवाज यायला लागले.

“ताई थांबली मॅडम,” ते हळूच म्हणाले.

“हो.”

“थांबू द्या. मी हाय इथंच.”

त्यांचं बोट त्या पट्टीवर तसंच होतं. मला जे करायचं होतं ते मी केलं. रडणं म्हणा. ते आवाजाचं नव्हतं आणि फार वेळही चाललं नाही. मग मी पदराने हात पुसले, कारण ओल्या बोटांनी पट्ट्या निसटतात, आणि म्हटलं, “त्याच सुरापासून.” त्यांनी तो सूर पुन्हा वाजवला आणि आम्ही शेवटपर्यंत गेलो.

त्यानंतर दिवाळीपर्यंतचे शनिवार आम्ही काम केलं. त्यांचा डावा हात एकटा, डोळे उघडे ठेवून, पल्लवीला मनात न आणता. “तिला उजव्या हातात बसवा,” मी सांगायची. मनगट, श्वास, पाय. करुणाची वाक्यं माझ्या तोंडून माझ्या आवाजात निघत होती, त्यामुळे जरा रूक्ष वाटत होती. पण उपयोगी पडत होती.

भाऊबिजेच्या दिवशी संध्याकाळी आप्पांचा फोन आला.

“वाजवलं मॅडम. कीबोर्ड घरी आणून.”

“कसं झालं?”

“डावा हात दोनदा चुकला. थांबलो नाय.”

“पल्लवी काय म्हणाली?”

“काय नाय म्हणाली.” पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. “उठली, आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. म्हणली, पुन्हा सुरू करा. तिला डावा हात अजून येतो मॅडम. सगळा. मंग मी उजवाच वाजवला.”

डावा हात आधी, एकटा, न चुकता: हे तिला बाहेरच्या खोलीत मीच शिकवलं होतं. तो इतकी वर्षं तिच्याजवळ राहिला होता.

“तिची आई काय म्हणली ऐका,” आप्पा म्हणाले. “म्हणली, दोन माणसं लागली एकाच्या कामाला.” मागून बायकांचं हसू ऐकू आलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. “पल्लवी विचारतेय, पुण्याहून शनिवारी आलं तर आत यायला चालंल का?”

मी म्हटलं, बूट आणायला सांगा.

मुंबईच्या गृहस्थांना मी कळवलं की पियानो द्यायचा नाही, सूर लावायला मात्र या.

आता क्लास एकाच खोलीत भरतो. बाहेरच्या पियानोवर कापड आहे. मुलं थोडी आहेत, पल्लवी महिन्यातून एकदा येते, आप्पा दर शनिवारी येतात आणि अजून तेच नॉक्टर्न वाजवतात. वेताची खुर्ची उजवीकडे आहे, तिच्यावर मुलं दप्तरं ठेवतात. मी डावीकडे बसते.